तिथे जाऊ नका, असे कोण सांगते?

१. एकाच गावाविषयी दोन निकाल

प्रवासाची आखणी सुरू झाली, की तिकिटांच्या आधी मते गोळा होऊ लागतात आणि तिथेच एक प्रश्न हटकून पडतो. ज्या ठिकाणाबद्दल एक नातेवाईक “पैसे पाण्यात गेले, चुकूनही जाऊ नका” असे बजावतो, त्याच ठिकाणी दुसरा नातेवाईक तिसऱ्यांदा निघालेला असतो. मग या दोघांपैकी खरे कोण बोलत असते? ‘आवड आपली आपली’ असे म्हणून हा प्रश्न बहुतेक वेळा सोडून दिला जातो. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण ‘तिथे जाऊ नका’ या एकाच वाक्यात परस्परांहून अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कोणाचा अपेक्षाभंग झालेला असतो, कोणी भलत्याच महिन्यात जाऊन आलेला असतो, कोणाला गर्दीने जेरीस आणलेले असते, कोणाच्या मनात त्या ठिकाणाची धास्ती असते आणि कोणाला तिथे जाणेच अनुचित वाटत असते. या तक्रारी एकेक करून सुट्या केल्या, तर मतभेदाचा बराचसा भाग उलगडतो. जो भाग उरतो, तो मात्र आवडीनिवडीचा नसून हक्काचा असतो, आणि त्याकडे पर्यटकांचे सर्वांत कमी लक्ष जाते.

२. अपेक्षेचे माप

समाधान मोजताना माणूस समोरच्या गोष्टीची निरपेक्ष किंमत करत नाही, तर मनात आधीच धरून ठेवलेल्या अपेक्षेशी तिची तुलना करतो. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये ग्राहकांच्या समाधानाविषयी जी उपपत्ती मांडली, तिचा गाभा हाच आहे: अनुभव अपेक्षेहून सरस ठरला तर समाधान, उणा पडला तर नाराजी. जिलबी खाल्ल्यावर नेहमीचाच चहा अगोड लागतो. चहातली साखर तेवढीच असते, जिभेचे माप बदललेले असते.

पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातील ‘मोनालिसा’ हे याचे ठळक उदाहरण आहे. हे चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, ते काचेआड ठेवलेले आहे आणि कठड्यापलीकडून, डोक्यांच्या व उंचावलेल्या मोबाइलांच्या गर्दीतून पाहावे लागते. आयुष्यभर त्याची थोरवी ऐकत आलेला प्रवासी “एवढेसेच?” म्हणून परततो आणि त्याच इमारतीत, नाव न ऐकलेल्या एखाद्या चित्रकाराच्या चित्रापुढे मात्र अर्धा तास रमतो. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी १९८० च्या दशकात अशा काही जपानी प्रवाशांची नोंद केली, ज्यांना मनातले पॅरिस आणि प्रत्यक्षातले पॅरिस यांतील अंतर इतके असह्य झाले की त्यांना उपचारांची गरज भासली. अशी टोकाची उदाहरणे अत्यंत विरळ असतात, परंतु त्यांच्यामागची मनाची रीत सर्वांची सारखीच असते.

यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. अतिप्रसिद्ध ठिकाणांविषयीच्या प्रतिकूल मतांत त्या ठिकाणाइतकाच त्याच्या जाहिरातीचा दोष असतो, तर अप्रसिद्ध ठिकाणांविषयीच्या अनुकूल मतांत अपेक्षा मुळातच कमी असल्याचा वाटा असतो. दोन्ही मते प्रामाणिक असूनही त्यांची थेट तुलना करता येत नाही.

३. भलता महिना

महाबळेश्वरचे उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने तिथे थंड हवेचे ठाणे वसू लागले आणि पुढे ते मुंबई इलाख्याच्या सरकारचे उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण झाले. या गावात वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या पावसाच्या तो सात पटींहून जास्त आहे. जेमतेम १९ किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत हाच पाऊस सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येतो, कारण समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपले बहुतेक पाणी ओतून मोकळे होतात. साहजिकच, जून उजाडला की महाबळेश्वर सोडून खाली उतरायचे, हा तिथला जुना शिरस्ता होता, आणि अगदी अलीकडच्या दशकांपर्यंत अनेक हॉटेले पावसाळ्यात बंद असत.

आज त्याच पावसासाठी लोक मुद्दाम घाट चढून जातात. गावाचा पाऊस बदलला नाही, पाऊस पाहण्याची नजर बदलली. मुंबई-पुण्याच्या काँक्रीटमध्ये राहणाऱ्या पिढीला ‘वर्षासहल’ हवीशी झाली. तरीही जुलैमध्ये आर्थर सीटवर उभे राहून सावित्रीचे खोरे पाहण्याच्या इच्छेने गेलेल्या कुटुंबापुढे धुक्याचा पांढरा पडदा असतो, रेलिंगवरून पाणी ठिबकत असते, हातभर अंतरावरचा माणूस धूसर दिसत असतो, आणि ते कुटुंब “काहीच दिसले नाही” अशी तक्रार घेऊन परतते. शेजारीच उभे असलेले दुसरे कुटुंब त्या धुक्यासाठीच आलेले असते. म्हणून एखाद्या ठिकाणाविषयीच्या मतावर महिना लिहिलेला नसेल, तर ते मत अर्धवट समजावे.

४. गर्दीचे गणित

गर्दीची तक्रार वरवर साधी वाटते, पण तिच्यामागे अर्थशास्त्रातील एक महत्त्वाची कल्पना आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये असे दाखवून दिले, की काही गोष्टींचे मोल त्या थोड्यांकडेच असण्यावर अवलंबून असते आणि सगळ्यांना त्या मिळू लागल्या की कोणालाच पूर्वीसारख्या मिळत नाहीत. धान्य किंवा कापड अधिक पिकवता, विणता येते. निवांत समुद्रकिनारा अधिक पिकवता येत नाही.

याचा हिशेब एका कल्पित कड्यावर मांडता येतो. समजा, सूर्यास्त पाहण्याच्या कड्याच्या कठड्यापाशी एका वेळी ५० माणसे उभी राहू शकतात, सूर्यास्ताची खरी शोभा अर्धा तास टिकते आणि प्रत्येक जण १० मिनिटे थांबून जागा सोडतो. याचा अर्थ त्या संध्याकाळी कठड्यावरून १५० माणसांना नीट दर्शन होते. त्या दिवशी १५० माणसे आली तर सगळे तृप्त होऊन जातील. ६०० आली तर चारांतील तिघे पाठमोरी डोकी पाहून परततील. वाहनतळ दुप्पट मोठा केला, रस्ता रुंद केला, तरी कठडा तेवढाच राहतो, उलट त्या सोयींमुळे येणाऱ्यांची संख्याच वाढते. आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याच कड्यावर केवळ ८० माणसे असतील, तर तिथून उतरणारा माणूस आदल्या दिवशीच्या तक्रारी ऐकून चकित होईल.

गर्दी सर्वांना सारखी खुपत नाही, हेही तितकेच खरे. अमेरिकन संशोधक स्टॅन्ली प्लॉग यांनी १९७४ मध्ये प्रवाशांची एक मांडणी सुचवली, जिच्या एका टोकाला अनोळखी गोष्टींची ओढ असलेले लोक असतात आणि दुसऱ्या टोकाला ओळखीच्या सोयींत निर्धास्त होणारे. बहुतेक माणसे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. पहिल्या प्रकारच्या प्रवाशाला रस्ता नसलेला किनारा हवा असतो, तर परदेशातही रात्री वरण-भात मिळाल्याशिवाय ज्याचा दिवस पुरा होत नाही, त्याला तोच किनारा शिक्षा वाटतो. प्लॉग यांचे खरे महत्त्वाचे निरीक्षण पुढचे आहे: ठिकाणे स्थिर राहत नाहीत. आधी धाडसी लोक येतात, त्यांच्यामागे खानावळी, रस्ते, हॉटेले येतात, मग सोयीची अपेक्षा असलेले लोक येतात आणि तोवर पहिले लोक “आता तिथे काही राहिले नाही” म्हणून निघून गेलेले असतात. गोव्याच्या किनाऱ्यांविषयी गेली कित्येक वर्षे ऐकू येणारी परस्परविरोधी मते या उलाढालीतूनच आलेली आहेत.

काही ठिकाणी मर्यादा घालणे हाच उपाय उरतो. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत गणले गेल्यावर तिथे माणसांची रीघ लागली, आणि फुलांच्या मोसमात दिवसाला सुमारे ३,००० पर्यटकांची मर्यादा व आगाऊ नोंदणी आवश्यक ठरली. इटलीतील व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरो प्रवेशशुल्क लावले. त्या शहराच्या जुन्या भागात १९५१ मध्ये सुमारे १ लाख ७५ हजार लोक राहत होते; आज ती संख्या ५० हजारांच्याही खाली आली आहे. घरे पर्यटकांना भाड्याने देणे अधिक फायद्याचे ठरले आणि राहणारे लोक मुख्य भूमीवर गेले. या आकड्यापाशी गर्दीच्या तक्रारीचे स्वरूप पालटते, कारण आता तक्रार करणारा पाहुणा नसून घरचा माणूस असतो.

५. धास्ती: अंदमानचा प्रवास

टाळण्याच्या ठिकाणापासून हव्याहव्याशा ठिकाणापर्यंतचा सर्वांत लांबचा पल्ला भारतात कोणी गाठला असेल, तर तो अंदमानने. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर यांनी तिथे पहिली इंग्रज वसाहत घातली, पण रोगराईने माणसे दगावू लागल्याने १७९६ मध्ये ती मोडावी लागली. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, सुमारे २०० बंदिवानांना घेऊन तिथे पुन्हा वस्ती झाली आणि ‘काळे पाणी’ हे नाव देशभर धडकी भरवू लागले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलमध्ये सात पाख्यांत जवळपास ७०० एकांतकोठड्या होत्या, आणि एका पाख्याची दारे दुसऱ्याच्या पाठीकडे येतील अशी रचना केल्यामुळे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसत नसे. कोलूला जुंपलेल्या बंदिवानाला दिवसाकाठी ३० पौंड खोबरेल काढून द्यावे लागे. विनायक दामोदर सावरकर १९११ मध्ये तिथे पोहोचले आणि त्यांच्या ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकामुळे मराठी घराघरांत अंदमानचे जे चित्र ठसले, ते यातनांचेच होते.

आज त्या सातांपैकी तीनच पाखे उभे आहेत. १९७९ मध्ये जेल राष्ट्रीय स्मारक घोषित झाले आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहलींत त्याचे दर्शन तीर्थयात्रेच्या भावनेने घेतले जाते. संध्याकाळी ध्वनि-प्रकाश कार्यक्रमात तिथला इतिहास ऐकणारे कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाच्या, शुभ्र वाळूवर असते. या दोन गोष्टी एकाच सहलीत जोडणे काहींना खटकते. यातनागृह हे पाहण्याचे ठिकाण होऊ शकत नाही, असे त्यांना वाटते. इतरांचे म्हणणे असे, की न पाहिलेल्या यातना लवकर विसरल्या जातात. या वादात दुसरी बाजू अधिक सबळ आहे, कारण कोठडीची लांबी-रुंदी पावलांनी मोजल्याशिवाय एकांतवास म्हणजे काय, हे वाचून कळत नाही. अट एवढीच, की तिथे आवाज खाली असावा.

धास्तीविषयीची मते वेगवेगळी का होतात, याचे एक कारण आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सांगितले. एखादी घटना जितक्या सहज आठवते, तितकी ती वारंवार घडते असे मन धरून चालते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची दृश्ये पाहिलेल्या माणसाला बेटांवरचा समुद्र कायम धोक्याचा वाटतो, परंतु तोच माणूस पावसाळ्यात बांधाच्या किंवा धबधब्याच्या निसरड्या पायऱ्यांवर मुलांना घेऊन निर्धास्त चढतो, कारण तिथल्या दुर्घटनांची दृश्ये त्याच्या मनावर तशी कोरलेली नसतात. जवळच्या आणि ओळखीच्या ठिकाणाची भीती कमी वाटणे, हे त्या ठिकाणाच्या सुरक्षिततेचे लक्षण नव्हे.

६. ज्यांचे घर आहे, त्यांचे मत

आतापर्यंतची बहुतेक मते पाहुण्यांची होती. अंदमानमध्येच याच्या पलीकडचा प्रश्न उभा राहतो.

पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमहून, बारातांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला निघालेल्या गाड्या पहाटे जिरकाटांगच्या तपासनाक्यावर रांगेत उभ्या राहतात. प्रवाशांची नावे नोंदवली जातात, थांबू नये, छायाचित्रे काढू नयेत, खाऊ देऊ नये अशा सूचना फलकांवर वाचायला मिळतात, आणि ठरलेल्या वेळी पुढे-मागे पोलीस ठेवून गाड्यांचा ताफा जंगलात शिरतो. पुढचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातो. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. सहलीची जाहिरात गुहांची असली, तरी काचेला नाक लावून बसलेल्या अनेकांची नजर गुहांसाठी नसते.

जारवा लोक १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाहेरच्यांपासून दूर राहत. संपर्क वाढताच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. बाहेरच्या रोगांविरुद्ध शरीराला पूर्वओळख नसली, की जे दुखणे शहरी मुलाला आठवडाभर अंथरुणात ठेवते, ते संपूर्ण जमातीच्या जिवावर उठू शकते. हा धोका ऐकीव नाही. १८५८ मध्ये हजारोंच्या संख्येने असलेले ग्रेट अंदमानी लोक १८७७ च्या गोवराच्या साथीत आणि त्यानंतरच्या रोगराईत झपाट्याने घटले आणि १९६१ मध्ये केवळ १९ उरले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव क्षेत्रातील या रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी तो प्रत्यक्षात वाहताच राहिला; २०१२ मध्ये खाऊच्या बदल्यात जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली आणि त्यानंतर कायद्यातील शिक्षा कडक करण्यात आली.

रस्ता चालू ठेवण्याच्या बाजूचा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. मध्य आणि उत्तर अंदमानच्या रहिवाशांना रुग्णालय, बाजार, शिक्षण यांसाठी तोच मार्ग जवळचा पडतो, आणि बारातांगचे होडीवाले व खानावळवाले पर्यटकांवरच जगतात. परंतु रुग्णाला घेऊन निघालेली गाडी आणि माणसे पाहायला निघालेली गाडी यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. रहिवाशाची गरज आणि पर्यटकाची हौस यांत फरक करता येतो आणि केला पाहिजे.

अंदमानातल्याच उत्तर सेंटिनेल बेटावरील लोकांनी तर आपले मत बाण सोडून वारंवार कळवलेले आहे. तिथे जाण्यास १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली बंदी आहे. तरीही २०१८ मध्ये बेकायदा उतरलेल्या एका अमेरिकन तरुणाला प्राण गमवावे लागले. त्सुनामीनंतर पाहणीसाठी घिरट्या घालणाऱ्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवरही धनुष्य रोखले गेले होते.

ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाची कथा अधिक आश्वासक आहे. तो अनांगू लोकांसाठी पवित्र असल्याने पायथ्याशी ‘कृपया चढू नका’ अशी विनंती अनेक वर्षे लावलेली होती, पण बंदी नव्हती. चढणाऱ्यांचे प्रमाण हळूहळू २० टक्क्यांखाली आले आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. बरोबर ३४ वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, त्याच तारखेला ती जमीन अनांगूंना परत मिळाली होती. बंदीआधीच्या शेवटच्या दिवसांत चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या, हे खरे, परंतु त्याआधीच्या वर्षांत बहुसंख्य पर्यटकांनी कोणी न अडवता वर न चढण्याचे ठरवले होते, हे अधिक मोलाचे आहे.

प्रत्येक वेळी घरच्यांचे मत एकच असते, असेही नाही. म्यानमारच्या लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटनवर्ष म्हणून गाजवायचे ठरवले, तेव्हा विरोधी पक्षाच्या नेत्या आँग सान सू ची यांनी परदेशी लोकांनी येऊ नये असे आवाहन केले, कारण तो पैसा सत्ताधाऱ्यांच्या हाती जाईल. याउलट लहान अतिथिगृहे चालवणाऱ्या, टांगे हाकणाऱ्या सामान्य ब्रह्मी माणसांच्या पोटावर पाय येतो, असा आक्षेप घेतला गेला, आणि २०१० मध्ये सू ची यांच्या पक्षानेही आपली भूमिका सौम्य करून, सरकारशी संबंध नसलेल्या व्यवसायांकडे जाणाऱ्या स्वतंत्र प्रवाशांना विरोध नसल्याचे सांगितले. इथे दोन्ही बाजूंना वजन होते आणि पैसा नेमका कोणाच्या खिशात जातो, या चौकशीवरच निर्णय अवलंबून होता.

७. सल्ला ऐकताना

‘जाऊ नका’ असे कोणी सांगितले, तर तो माणूस कोणत्या महिन्यात गेला होता, सुट्टीच्या दिवशी की अधल्या-मधल्या वारी, मनात काय धरून गेला होता आणि त्याला सोय अधिक प्रिय की नवलाई, एवढे विचारून घ्यावे. उत्तरे ऐकली, की त्याच्या मताचा किती भाग स्वतःला लागू पडतो, हे बहुधा तिथल्या तिथे कळते. मात्र ‘येऊ नका’ असे ज्यांचे घर आहे तेच सांगत असतील, किंवा ते सांगण्याची साधने त्यांच्यापाशी नसल्यामुळे कायदा त्यांच्या वतीने सांगत असेल, तर तिथे पर्यटकाच्या आवडीनिवडीला मत म्हणून मोजता येत नाही.

अंदमानला जरूर जावे, सेल्युलर जेल सावकाश पाहावे, बेटांवरची प्रवाळे पाहावीत. सहलीच्या कार्यक्रमात जारवांच्या जंगलातून जाणारा बारातांगचा दिवस असेल, तर नोंदणी करतानाच तो वगळून मागावा आणि का वगळला, हेही सहल कंपनीला लेखी कळवावे.